व्यसनातून बाहेर पडताना गोष्ट आणि चित्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अकरा वर्षं प्यायलेलो नाही. त्यातली सात वर्षं दर आठवड्याला एका गटात बसतो. तिथे आम्ही लिहितो, चित्रं काढतो आणि एकमेकांना वाचून दाखवतो. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. नवीन आलेली माणसं आणि त्यांच्या घरचे पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. गटातल्या लोकांबद्दल जे आलंय ते त्यांना विचारून आणि ओळख पटणार नाही इतपत बदलून.

चित्र काढून, गोष्टी लिहून व्यसन सुटतं का?

नाही सुटत. हे आधीच सांगतो, कारण "औषधबिषध नको, त्याला काहीतरी छंद लावा" म्हणत घरचे माणसाला आमच्याकडे आणून सोडतात आणि ते धोक्याचं आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर पहिल्या 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. 48 ते 96 तासांच्या दरम्यान काहींना डिलिरियम ट्रेमेन्स होतो: अंग थरथरतं, ताप चढतो, नसलेली माणसं दिसायला लागतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर त्यात जीवही जातो. झोपेच्या आणि मन शांत करणाऱ्या काही गोळ्यांचं तसंच आहे, त्याही अचानक थांबवायच्या नसतात. अफूच्या जातीतल्या नशेचा धोका वेगळा. काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सवय उतरलेली असते, माणूस मात्र जुन्याच मापाने घेतो आणि तेच माप जिवावर बेततं.

अशा वेळी हातात ब्रश देऊन उपयोग नाही, डॉक्टरच हवा. नाल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट, ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन ही औषधं ज्याला लागतात त्याने घ्यावीत. ती घेणारा "पूर्ण सोबर नाही" असं गटात कोणी म्हटलं की मी अजूनही चिडतो.

कला येते ती त्यानंतर. विथड्रॉवल, म्हणजे नशा बंद केल्यावर शरीराला होणारा त्रास, ओसरलं, घरी आलात, संध्याकाळचे सात वाजले आणि आता करायचं काय, तिथे.

मग तिचा नेमका उपयोग काय?

एक म्हणजे तलफेची वीस मिनिटं काढायला. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय. दुसरं काम जास्त मोठं आहे आणि सावकाश होतं.

व्यसन नुसतं रसायनावर चालत नाही, गोष्टींवरही चालतं. "आज शेवटची." "मनात आणलं तर उद्या सोडेन." "माझ्याइतकं टेन्शन तुम्हाला असतं तर तुम्हीही प्यायला असता." या गोष्टी मी वर्षानुवर्षं इतक्या सफाईने सांगितल्या की त्या खोट्या आहेत हे माझं मलाच कळेनासं झालं. दारू थांबते, गोष्टी थांबत नाहीत. त्यांना पहिला धक्का बसतो तो खऱ्या, बारीक तपशिलाने.

आपल्या भाषेत पळवाट तयारच आहे. "काल जरा जास्त झाली." कोणी केली? वाक्यात माणूसच नाही. "बसणं झालं." "ग्लास फुटला." "पैसे संपले." "मुलीचा वाढदिवस राहून गेला." पाऊस पडला म्हणावं तसं सगळं आपोआप घडलेलं. फुटला-फोडला, संपले-संपवले, तुटलं-तोडलं, पडलं-पाडलं अशा जोड्या मराठीत पावलोपावली आहेत आणि पिणारा माणूस त्यातलं पहिलं रूप न चुकता उचलतो.

आमच्याकडे पहिल्या महिन्यात एवढंच चालतं. प्रत्येकाने एका दिवसाबद्दल एक पान लिहायचं. मग दुसऱ्या रंगाचं पेन घ्यायचं आणि क्रियापदं तपासायची. "मोबाइल पडला" खोडायचं, "मी मोबाइल भिंतीवर मारला" लिहायचं. एका गृहस्थांनी तेरा ओळींतली नऊ क्रियापदं बदलली, कागद पालथा घातला आणि जिन्यात जाऊन उभे राहिले. त्या दिवशी परत आत आले नाहीत. पुढच्या आठवड्यात मात्र वेळेच्या आधी हजर. तोच कागद काढला आणि म्हणाले, "एक राहिलं होतं."

याची उलट बाजूही आहे. "दारू सोडली" म्हणावं की "दारू सुटली", यावर आमच्यात दर काही महिन्यांनी वाद होतो. जुनी मंडळी "सुटली" म्हणतात. "मी सोडली" म्हटलं की छाती फुगते आणि फुगलेली छाती पहिल्या पेगकडे नेते, असं त्यांचं म्हणणं. मोडतोडीला "मी" आणि बरं होण्याला "सुटली", हे व्याकरण सरळसरळ एकतर्फी आहे. पण पहिल्या वर्षात मला ते उपयोगी पडलं.

घरी बसून चित्र काढणं आणि आर्ट थेरपी एकच का?

नाही. "आर्ट थेरपी" हा शब्द 1942 मध्ये ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी रूढ केला. क्षयामुळे ते सॅनेटोरियममध्ये होते, तिथे पडल्या पडल्या चित्रं काढायचे आणि पुढे इतर रुग्णांनाही काढायला लावू लागले. अमेरिकेत मार्गारेट नॉमबर्ग आणि ईडिथ क्रेमर या दोघींनी त्याला उपचारपद्धतीचं रूप दिलं, तेही वेगवेगळ्या दिशांनी. नॉमबर्ग यांना चित्रातून वर येणारं मनातलं बोलणं महत्त्वाचं वाटे. क्रेमर म्हणत की घडवण्याच्या क्रियेतच बरं करण्याची ताकद आहे. मी क्रेमरच्या बाजूचा.

आर्ट थेरपिस्टने कला आणि मानसोपचार दोन्हींचं शिक्षण घेतलेलं असतं. आमचा गट म्हणजे थेरपी नव्हे, सोबत आहे. एक खूण सांगून ठेवतो. तुमचं चित्र बघून कोणी "इथे काळा रंग जास्त आहे, म्हणजे तुमच्या मनात अमुक आहे" असं सांगू लागला तर सावध व्हा. शिकलेला माणूस आधी तुम्हालाच विचारतो की हे काय आहे. काळा रंग जास्त असण्याचं कारण बरेचदा एवढंच असतं की डब्यात तोच खडू उरला होता.

मला साधी रेघसुद्धा सरळ काढता येत नाही. चालेल?

चालेल. फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी 39 प्रौढांना 45 मिनिटं कोलाज, मार्कर किंवा माती घेऊन मनाला येईल ते करायला दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. 2016 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. सुमारे 75 टक्के लोकांत ते उतरलं, आणि आधी कधी चित्र काढलं होतं की नाही याने फारसा फरक पडला नाही. ही माणसं व्यसनी नव्हती, प्रयोगही छोटा होता, त्यामुळे यावरून व्यसनाबद्दल मोठे दावे करू नयेत. पण "मला येत नाही" या सबबीला उत्तर म्हणून पुरे.

खरं तर ज्यांना चित्रकला "येते" त्यांचे हाल जास्त होतात. ते सुंदर काहीतरी काढून त्याच्यामागे लपतात.

तलफ आली त्या क्षणी काय करू? तेव्हा लिहायचं सुचत नाही.

सुचत नाही हे बरोबरच आहे, आणि त्याला कारण आहे. 2005 मध्ये डेव्हिड कॅव्हना, जॅकी अँड्रेड आणि जॉन मे यांनी तलफेबद्दल एक मांडणी केली. तलफ म्हणजे नुसता "हवंय" असा विचार नसतो. मनात त्या गोष्टीचं चित्र उभं राहतं: ग्लासवरचे थेंब, झाकण फिरताना होणारा कट् आवाज, घशातली जळजळ. त्या चित्राला मनात जागा लागते, आणि डोळ्यांपुढची आकृती सांभाळणारी ती जागा मर्यादित असते. तीच जागा दुसऱ्या आकाराच्या कामाने अडवली तर तलफेचं चित्र फिकं पडतं. याच मंडळींपैकी काहींनी पुढे चॉकलेटची तलफ आलेल्यांना मातीचे आकार करायला देऊन पाहिलं, तर तलफ कमी झाली.

म्हणून त्या क्षणी शब्दांच्या मागे लागू नका. हात आणि डोळे गुंतवा. मी पहिल्या वर्षी जे करायचो ते सांगतो. मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावायचो आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचो. विजेच्या बिलाची मागची बाजू आणि एक बॉलपेन घ्यायचो. समोर जे असेल ते, म्हणजे बहुतेक वेळा माझा डावा हात, कागदाकडे न बघता काढायचो. नजर हाताच्या कडेवरून मुंगीच्या चालीने सरकवायची, पेन त्याच वेगाने. अंगठ्याच्या नखाशी आलो की थांबायचो, कारण तिथे जुनी जखम आहे आणि कड वेडीवाकडी होते. चित्र म्हणून ते भयंकर दिसायचं. सहा बोटं यायची. पण नखाची कड बघताना ग्लास दिसत नसे.

तलफ ही लाट असते, हे अॅलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञांनी सांगितलेलं. ती चढते, शिखरावर जाते आणि काही न करताही उतरते. आपल्याला मात्र चढताना वाटतं की हे असंच वाढत जाणार. काही जण ती लाटच काढतात: दर मिनिटाला तलफ दहापैकी किती, तेवढ्या उंचीवर एक ठिपका, शेवटी ठिपके जोडायचे. आमच्या गटातल्या एकाकडे असे चाळीसच्या वर आलेख आहेत. वर जाऊन खाली न आलेला त्यात एकही नाही. त्याला आता कागदाची गरज लागत नाही, पण पाकिटात एक असतोच.

लिहायचं म्हणजे काय लिहायचं?

सगळ्यात तपासलेली पद्धत जेम्स पेनेबेकर यांची. 1986 मध्ये सँड्रा बीलबरोबर त्यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक गोष्टीबद्दल लिहायला सांगितलं. व्याकरण बघायचं नाही, थांबायचं नाही. लिहून उठल्यावर ते विद्यार्थी जास्त उदास होते, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या आरोग्य केंद्राच्या फेऱ्या कमी झाल्या. त्यानंतर असे शेकडो प्रयोग झाले. परिणाम बहुतेक ठिकाणी माफक निघाला आणि प्रत्येकाला लागू पडला असंही नाही. माझा सल्ला असा, की पहिल्या काही आठवड्यांत हे करू नका. लिहून उठल्यावरची ती उदासी नवख्या माणसाला झेपत नाही. आणि करालच तेव्हा नंतरचा एक तास कोणाच्या तरी सोबत काढा.

दुसरा प्रकार म्हणजे निरोपाचं पत्र. अनेक उपचार केंद्रांत दारूला किंवा नशेला पत्र लिहायला लावतात. यात फसगत होते ती पहिल्याच मसुद्यात. सगळे शिव्या घालतात. "तू माझं वाटोळं केलंस." मी म्हणतो, आधी तिने काय दिलं ते लिहा. ती कामाची नसती तर इतकी वर्षं कोणी ठेवली नसती. माझ्या पत्रात होतं, "तुझ्यामुळे मला चारचौघांत हसता यायचं." ते लिहिल्यावर कळलं की चारचौघांत हसणं मला शिकावं लागणार आहे. शिव्यांच्या पत्रातून हे कळलं नसतं.

ऑस्ट्रेलियाचे मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एपस्टन यांनी नॅरेटिव्ह थेरपी उभी केली. तिचा गाभा असा की माणूस म्हणजे समस्या नव्हे, समस्या ही समस्या. तिला बाहेर काढून समोर बसवायचं, नाव द्यायचं, ती कधी येते आणि कधी तिचं चालत नाही ते विचारायचं. आता तुम्ही म्हणाल, वर तर "मी फोडला" असं लिहायला सांगितलंत आणि इथे समस्या बाहेर काढायला सांगताय. विसंगती आहे खरी. मी ती अशी सोडवली: काय केलं ते सांगताना कर्ता मी, मी कोण आहे हे सांगताना दारूला वेगळी खुर्ची.

जुने किस्से सांगताना पुन्हा प्यावंसं वाटतं. हे नॉर्मल आहे का?

अगदी. पिण्याच्या आठवणी निवडक असतात. पहिले दोन तास लख्ख आठवतात, पुढचे सहा धूसर. त्यात गटात एक जण रंगवून सांगायला लागला की दुसऱ्याला त्याच्याहून मोठा किस्सा सुचतो, आणि अर्ध्या तासात खोलीला बारची कळा येते. आम्ही ब्रँड, प्रमाण आणि घ्यायची पद्धत सांगायला बंदी घातली आहे. चित्रातही बाटली, सुई, पुडी नको. "मग काढू काय?" असं एकीने वैतागून विचारलं होतं. तिने शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजताची बेसिनची तोटी काढली. त्या तोटीकडे बघून कोणालाही प्यावंसं वाटलं नाही.

शेअरिंगचा, म्हणजे गटात आपली गोष्ट सांगण्याचा, जुना साचा इथे कामाला येतो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संस्थेच्या 1939 च्या मूळ पुस्तकापासून तो चालत आलाय: आधी कसे होतो, काय झालं, आता कसे आहोत. नवखा माणूस पहिल्या भागावर पंचवीस मिनिटं घालवतो आणि "आता" ला दोन वाक्यं. ते प्रमाण उलटवायला वर्ष जातं.

त्या संस्थेची सुरुवातच बोलण्यातून झाली. 1935 मध्ये बिल विल्सन नावाचा शेअर दलाल कामानिमित्त अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात होता. व्यवहार फसला आणि हॉटेलच्या लॉबीत उभं असताना बारमधला आवाज त्याला ओढू लागला. त्याने फोनाफोनी करून दुसरा पिणारा माणूस शोधला. तो होता सर्जन बॉब स्मिथ. पंधरा मिनिटांत आटपायचं, या अटीवर डॉक्टर आला. पाच वाजता बसलेले हे दोघे उठले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. विल्सनने उपदेश केला नव्हता, स्वतःचं सांगितलं होतं. आणि ती फोनाफोनी त्याने स्वतः प्यायला लागू नये म्हणून केली होती, हे मला त्यातलं सगळ्यात खरं वाटतं.

दारू सोडली तर माझी कला जाईल, अशी भीती वाटते.

कलाकार हा प्रश्न हळू आवाजात विचारतात. पहिले काही महिने सपाट जातात, हे खरं आहे. मेंदूची आनंद मोजायची पट्टी नशेने बिघडवलेली असते, ती जागेवर यायला वेळ लागतो, तोवर रंगही फिके आणि सूरही बेचव. या काळात "माझी प्रतिभा गेली" असा निकाल लावून लोक परत पितात. निकाल पुढे ढकला.

अमेरिकी कथाकार रेमंड कार्व्हर 2 जून 1977 ला प्यायचे थांबले आणि 1988 मध्ये वारले. थांबण्याआधी दारूने ते जवळजवळ मेले होते. मधल्या अकरा वर्षांत त्यांनी कथा लिहिल्या, कवितांची पुस्तकं काढली, आणि त्या काळातल्या लिखाणात एक मोकळेपणा आला. पिऊन लिहिलेलं चांगलं असतं ही समजूत मला तरी बाटलीनेच पसरवलेली वाटते. माझ्या नशेतल्या वह्या मी नंतर वाचल्या. एकच कल्पना सतरा वेळा, दर वेळी नव्याने सुचल्यासारखी.

माझ्या गोष्टीत बायको येते, मुलं येतात. त्यांना विचारायला हवं का?

स्वतःसाठी वहीत लिहिताना नाही. गटात वाचताना नावं गाळा. त्यापुढे कुठेही द्यायची असेल तर विचाराच, आणि नाही म्हटलं तर विषय संपला.

पण विचारण्याचा आणखी एक उपयोग असतो, तो मला उशिरा कळला. एका रात्रीबद्दल मी लिहिलं होतं. आरडाओरडा झाला... नाही, मी आरडाओरडा केला, खुर्ची ढकलली. शेवटी मी लिहिलं होतं, "नशीब, मुलगी झोपली होती." बायकोला वाचायला दिलं. तिने सगळं वाचलं, काही बोलली नाही, आणि पेन घेऊन फक्त ते शेवटचं वाक्य खोडलं. वर लिहिलं, "तिने डोळे मिटले होते."

अकरा वर्षांत माझ्या लिखाणात झालेली ती एकमेव दुरुस्ती मला पाठ आहे.

जाहीरपणे सांगावं का? दुसऱ्यांना प्रेरणा मिळेल.

पहिल्या वर्षात नको. टाळ्या ही पण नशाच आहे, आणि घसरलात तर हजार लोकांना तोंड दाखवायचं ओझं वर. अनामिक राहायची परंपरा उगाच पडलेली नाही.

घरच्यांनी काय करावं? आम्हीही लिहावं का?

लिहाच, पण त्याच्याबद्दल नको. अनेक आयांच्या वहीत स्वतःचं एक वाक्य नसतं, सगळं "तो आज उशिरा आला, त्याने आज जेवताना मान वर केली नाही." व्यसनी माणसाच्या कुटुंबीयांसाठी 1951 पासून अल-अॅनॉन आहे, ते याच कारणासाठी. आज तुम्ही काय केलंत, कोणाला फोन करायचा राहिला, तुमचा गुडघा कसा आहे, ते लिहा.

आणखी दोन विनंत्या. त्याची वही वाचू नका, उघडी पडली असली तरी. आणि लहान मुलांनी चित्रं काढली तर "हे बाबा का? बाबा एवढे मोठे का काढलेस?" अशी उलटतपासणी नको. "मला याबद्दल सांगशील?" एवढं पुरतं. सांगितलं नाही तरी पुरतं.

नुसतं चित्र आणि लिखाणच का? गाणं, नाटक?

जे हाताशी असेल ते. सायकोड्रामा, म्हणजे नाटकातून मानसोपचार, याचे जनक जेकब मोरेनो यांच्या पद्धतीत माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलतो, मग त्याच खुर्चीत बसून स्वतःला उत्तर देतो. हे जोरदार आहे, म्हणून अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच करा. विणकाम, लाकूडकाम, माती यांचा मोठा गुण म्हणजे हात अडकलेले राहतात. गाण्याबाबत एकच सांगणं: ज्या गाण्यांवर प्यायलात ती निदान वर्षभर बाजूला ठेवा. मोबाइलमधून काढूनच टाका.

जुगार, गेम, मोबाइल यांनाही हे लागू पडतं का?

बरंचसं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली, जुगाराचा आणि गेमिंगचा विकार नशेच्या विकारांशेजारीच ठेवले आहेत. फरक एवढाच की मोबाइलच्या व्यसनावर मोबाइलमधलं रंग भरायचं अॅप हा इलाज नव्हे. कागद घ्या. जुगाऱ्यांना मी आकडे लिहायला लावत नाही. हरलेली रक्कम मांडायला बसले की ती परत जिंकायचे बेत तिथेच सुरू होतात.

घसरलो. वही फाडून टाकू का?

फाडू नका. निदान आज नको.

घसरल्यावर जे होतं तेही मार्लाट यांनी सांगितलंय. एक पेग झाला, म्हणजे नियम मोडलाच, म्हणजे मी असाच, म्हणजे आता बाटली संपवायला हरकत नाही. पहिल्या पेगपेक्षा हा हिशोब जास्त नुकसान करतो. गोष्ट सांगणाऱ्याला याचा धोका दुप्पट असतो, कारण त्याला शेवट आवडतात. "अशा रीतीने तो दारूतून मुक्त झाला" असं एकदा लिहून ठेवलं की पुढे घसरणं म्हणजे सगळी गोष्टच खोटी ठरणं. म्हणून आम्ही शेवट लिहीत नाही. तारीख टाकतो आणि थांबतो.

घसरल्याच्या दुसऱ्या दिवशी फक्त आधीचे सहा तास लिहा. कुठे होतो, कोण भेटलं, जेवलो होतो का, कोणाचा फोन घेतला नाही. ते पान समुपदेशकाला किंवा स्पॉन्सरला, म्हणजे गटात तुमची सोबत करणाऱ्या जुन्या सदस्याला, दाखवा. माझ्या वहीत असं एक पान आहे, आठव्या महिन्यातलं. त्यातली कामाची ओळ प्यायल्याबद्दलची नाही. ती दुपारची आहे: "दोन वाजता त्याचा फोन आला, मी उचलला नाही."

हो, म्हणजे माझी अकरा वर्षं त्या पानानंतरची आहेत.

लिहिता लिहिता त्रास वाढला तर?

थांबा. लिखाण पूर्ण करायचं बंधन नाही. जुना अत्याचार, अपघात, कोणाचा मृत्यू असं काही वर येऊ लागलं आणि झोप उडाली, अंग थरथरलं, सगळं पुन्हा घडतंय असं वाटलं, तर ते एकट्याने वहीत उपसायचं काम नाही, मानसोपचारतज्ज्ञाबरोबर करायचं आहे. जीव द्यावासा वाटत असेल तर वही मिटा आणि आत्ता जवळ असलेल्या माणसाला तसं स्पष्ट शब्दांत सांगा. तिथे कलात्मक बोलू नका. सांगितल्यावर एकटे राहू नका, दवाखान्यात जा.

किती दिवसांनी फरक कळतो?

तलफेच्या चित्रांचा त्याच दिवशी. लिखाणाचा कधी कळला ते मला सांगता येणार नाही.

पहिलं वाक्य कुठून सुरू करू?

"माझं बालपण" इथून नको, बहुतेकांची वही तिथेच बंद पडते. "मी दारूला कसा बळी पडलो" इथूनही नको, त्यात बळी आधीच ठरलेला आहे. तुम्ही ती लपवायचात कुठे, ती जागा घ्या. प्रत्येकाकडे एक जागा असते. तिचं माप, वास, हात किती वाकडा करावा लागायचा, अंधारात काय बोटांना लागायचं, आवाज होऊ नये म्हणून काय गुंडाळायचात, ते लिहा. भावना लिहू नका, त्या आपल्या आपण येतील. नाही लिहिता आलं तर त्या जागेचा नकाशा काढा, बाण दाखवा.

माझं पहिलं वाक्य होतं: "गीझरच्या मागे हात घातला की आधी भिंतीची ओल लागायची, मग टॉवेल."